जुनं फिंगर-जॉइंट मशीन घ्यायच्या आधी लाकूड वाळवायची सोय करा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात वडिलांचं सुतारीचं दुकान आहे, जवळच्या आरामशीनवर सागाचे फूट-दीड फुटाचे तुकडे जळणाच्या भावात मिळतात आणि नागपूरला एक जुनं फिंगर-जॉइंट मशीन, म्हणजे तुकड्यांच्या टोकांना बोटांसारखे दात कापून ते एकमेकांत जोडायचं यंत्र, विकायला आहे. ते घ्यावं का आणि जोडलेल्या लाकडाच्या चौकटी चालतील का, असं तुम्ही विचारलंय. धंदा चांगला आहे, जरूर करा. बल्लारशाच्या डेपोतला साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेला, त्याच जातीचं लाकूड आपल्याकडे चुलीत जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. फक्त पहिला पैसा मशीनवर घालू नका, वाळवण्यावर घाला.

त्याचं कारण सांगतो. लाकडाची टोकं नुसती एकमेकांना लावून चिकटवली तर जोड टिकत नाही. टोकाला लाकडाच्या रेषांची, म्हणजे तंतूंची, तोंडं उघडी असतात, ती सरस पिऊन घेतात आणि मधे काही उरत नाही. दात कापले की चिकटणारी बाजू जवळपास रेषेच्या दिशेने येते. १० मिलिमीटर लांब आणि ३.८ मिलिमीटर अंतराचे दात घेतले, तर चिकटायची जागा सपाट टोकाच्या पाचपटीहून जास्त होते. सगळी ताकद या तिरप्या बाजूंत असते. दोन तुकड्यांचा ओलावा वेगळा असेल तर एक आकसतो, दुसरा तसाच राहतो, आणि सरसाची रेघ महिन्या-दोन महिन्यांत उघडते. मग मशीन कितीही महागाचं असो.

आपल्या भागात हा त्रास जास्त आहे. मे महिन्यात उघड्यावर ठेवलेली पट्टी पार कोरडी होते आणि तीच श्रावणात पुन्हा ओल धरते. ओलावा ८ ते १२ टक्के ठेवा. जोडायच्या दोन तुकड्यांत दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. ओलावा मोजायचं मीटर नसेल तर एक तुकडा वजन करून १०३ अंशाच्या भट्टीत वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवा. आधी २३० ग्रॅम आणि नंतर २०५ ग्रॅम भरला, तर घट २५ ग्रॅम. तिला कोरड्या वजनाने, म्हणजे २०५ ने भागा: १२ टक्के. सुरुवातीला सगळं लाकूड वाळवायची स्वतःची मोठी भट्टी नको, सीझनिंग प्लांटवर वाळवून आणा. पण आणलेला माल बंद खोलीत, खाली फळ्या आणि मधे काड्या घालून रचा. टिनाच्या शेडखाली भिंतीला टेकवून ठेवलात तर पैसे पाण्यात.

आता यंत्र. दात कापणारा कटर कार्बाइडचा, म्हणजे पोलादाहून कठीण धातूचाच घ्या. सागात सिलिका, म्हणजे वाळूतला कठीण पदार्थ असतो, साध्या पोलादी पात्याची धार लवकर जाते. बोथट कटर लाकूड कापत नाही, घासून जाळतो. दातांवर तपकिरी डाग दिसला की तो तुकडा बाजूला काढा, भाजलेल्या लाकडात सरस मुरत नाही. गावात थ्री-फेजचं व्होल्टेज पडलं की मोटर तापते, कटर मंदावतो आणि लाकूड असंच जळतं, तेव्हा व्होल्टमीटर लावून त्याच्याकडे बघूनच काम सुरू करा. दात कापले की त्याच दिवशी चिकटवा. साग तेलकट असतो, ताजी कापलेली बाजू जास्त चांगली धरते. गाठ जोडापासून तिच्या जाडीच्या निदान तिप्पट दूर हवी, नाहीतर जोड तिथेच फाटेल.

लोक मशीन बघतात आणि प्रेसकडे, म्हणजे जोड दाबणाऱ्या यंत्राकडे, दुर्लक्ष करतात. दात पाचरीसारखे एकमेकांत घुसायला लांबीच्या दिशेने जोर लागतो आणि दात जितके आखूड तितका तो जास्त. ५० बाय २५ मिलिमीटरच्या पट्टीला दर चौरस मिलिमीटरला ८ न्यूटन धरले तरी १०,००० न्यूटन होतात, म्हणजे साधारण एक टन. हाताच्या शिकंजाचं हे काम नाही, हायड्रॉलिक सिलिंडरच हवा. पण दाब दोन-चार सेकंदच पुरतो. दात एकदा अडकले की पट्टी स्वतःच धरून राहते, सरस वाळायला बाजूला ठेवता येते.

सरसाच्या डब्यावर डी-३ की डी-४ ते वाचा, सरस पाण्याला किती टिकतो त्याचा हा दर्जा. डी-३ घरातल्या फर्निचरला, अधूनमधून पाणी लागलं तरी चालतो. बाहेरच्या कामाला डी-४. रोज एक जोड मुद्दाम मोडून बघा. लाकूड फाटलं तर जोड पक्का, सरसाच्या रेघेवर सुटला तर त्या दिवसाचा माल विकू नका.

चौकटीचं विचारलंत. घरातल्या दाराची चौकट, खिडकीची पट्टी, टेबलाचा माथा, पलंगाच्या पट्ट्या, हे सगळं चालतं. पावसात उघडी राहणारी चौकट आणि कवेलूच्या घराचं मयाल या लाकडाचं करू नका. मयालावर छप्पर उभं असतं, तिथे घरगुती सरसावर माणसांचा जीव टांगू नये. आणि सागाचा बाहेरचा पांढरा भाग काढून टाका, वाळवी तोच आधी खाते.

लाकडाच्या भुश्याने नाकाचा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच त्याला कर्करोगजनक ठरवलंय. भुसा ओढणारा पंखा मशीनसोबतच घ्या, आणि वडिलांना मास्क लावायला लावा. तुकडे घेताना आरामशीनवाल्याकडून पक्कं बिल घ्या, आणि परवान्याचं काय लागतं ते वनपरिक्षेत्र कार्यालयात आधीच विचारा.

जुनं मशीन बघायला जाल तेव्हा कटर काढून स्पिंडल, म्हणजे कटर बसतो तो दांडा, हाताने फिरवा, बाजूला हलवून बघा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलेलं आहे. समोर दोन तुकडे कापून घ्या. दात तळाला टेकायच्या आधी बाजूंनी घट्ट बसले पाहिजेत, टोकाला बारीक फट राहिली पाहिजे. कटरच्या दाताची लांबी आणि प्रेसच्या सिलिंडरचा व्यास इथे लिहा, तुमच्या पट्टीला किती दाब मिळेल याचा हिशेब मी करून देतो.