बास गिटार धड ऐकूही येत नाही, मग आयुष्यभर मंचावर तीच वाजवणाऱ्याला त्यात काय मिळते?

आपण लिहिले आहे की गटातील मित्र आपल्याला गिटार सोडून बास गिटार हाती घ्यायला सांगत आहेत. परंतु गाणे ऐकताना बास वेगळा ओळखूही येत नाही, तेव्हा असे वाद्य वर्षानुवर्षे वाजवणाऱ्याला कंटाळा येत नाही का, हा आपला प्रश्न आहे. मी ऐन तारुण्यात हे वाद्य हाती घेतले आणि केस पिकले तरी माझे कार्यक्रम सुरू आहेत. प्रवासाचा, जागरणांचा, कार्यक्रमाआधी तासन्तास ताटकळण्याचा कंटाळा मला पुष्कळदा आला. वाद्याचा कधीच आला नाही.

बास ऐकू येत नाही या म्हणण्यात तथ्य आहे. चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. इतक्या खर्जात माणसाचा कान मुळातच मंद असतो आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो मूळ स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही; मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या वरच्या उपस्वरांवरून मेंदू त्याचा अंदाज बांधतो. तरीही गाण्याचा अर्थ बरेचदा हाच स्वर ठरवतो. गिटार आणि कीबोर्डवर सी, ई आणि जी हे पाश्चात्त्य स्वर वाजत असताना खाली बासने सी धरला, तर कानाला प्रसन्न सी मेजर जाणवतो. त्याच ठिकाणी बासने ए धरला, तर वरचा एकही स्वर न बदलता ती सगळी संगती ए मायनर सेव्हन होते आणि गाण्यावर उदासीची छाया येते. श्रोत्याला बदल जाणवतो, तो कोणी केला हे कळत नाही. मला ही जबाबदारी फार मोलाची वाटते.

दुसरी गोष्ट स्वराच्या लांबीची, आणि माझ्या मते या वाद्याची खरी विद्या तिथेच आहे. नवखा वादक स्वर कधी सुरू करायचा याचा विचार करतो. तो कधी थांबवायचा, याकडे त्याचे लक्ष बहुधा नसते. संथ चालीच्या गाण्यात पहिल्या मात्रेला किकबरोबर, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमबरोबर, स्वर वाजवावा आणि दुसऱ्या मात्रेला स्नेअर, म्हणजे काडीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम, पडते त्या क्षणी डाव्या हाताचे बोट तारेवरून न उचलता फक्त दाब सैल करून तो बंद करावा. स्नेअरचा आघात एकदम मोकळा, टोकदार ऐकू येतो आणि ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ठेका धरतो. तोच स्वर स्नेअरच्या पलीकडे रेंगाळू दिला, तर गाणे सैलावते, शांत होते. दोन्ही योग्यच आहेत, पण कोणत्या ओळीला काय हवे हे त्या दिवशीच्या गायकाचा श्वास आणि ड्रमवादकाचा हात पाहून ठरवावे लागते. म्हणूनच तेच गाणे शेकडो वेळा वाजवूनही मला ते वाजवून संपले असे वाटत नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रमात यात सभागृहाची भर पडते. ४१ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी आठ मीटरहून अधिक असल्यामुळे तो भिंतींमध्ये अडकतो. कुठे दुप्पट होतो, तर चार पावलांवर नाहीसा होतो. पोकळ लाकडी मंच तर एखादाच स्वर उचलून धरतो आणि बाकीचे गिळतो. त्यामुळे साउंड चेकच्या, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासण्याच्या वेळी मी प्रत्येक तारेवर चढत जाणारे स्वर सावकाश वाजवतो आणि जो स्वर फुगतो तो रात्री हलक्या बोटाने वाजवायचा, हे मनाशी पक्के करतो. ड्रमवादकापासून दहा मीटर दूर उभे राहिले, तर त्याचा आघात कानावर सुमारे ३० मिलिसेकंद उशिरा येतो आणि ठेका ढिला पडायला तेवढे पुरेसे असते. म्हणून मंच कितीही मोठा असला तरी मी हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रमवादकाच्या पायाने उघडमिट होणाऱ्या झांजांच्या बाजूला, त्याचा पाय दिसेल असा उभा राहतो.

गायक कधी भारावून जाऊन अंतरा दोन आवर्तने आधीच उचलतो. अशा वेळी गिटारवादक एकमेकांकडे पाहू लागतात. परंतु बासने नव्या जागेचा मूळ स्वर ठामपणे धरला की सगळे त्याच्या मागे येतात. असे अनेकदा घडले आहे आणि प्रेक्षकांना त्याचा पत्ताही लागलेला नाही. त्या क्षणी होणारा आनंद मला टाळ्यांच्या आनंदाहून कमी वाटत नाही.

या वाद्याचा इतिहासही आपण जरूर ऐकावा. अमेरिकेतील वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास ही विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली. तोवर बासवादकाला माणसाच्या उंचीचा, व्हायोलिनच्या घाटाचा डबल बास वाहून न्यावा लागे आणि मोठ्या वाद्यमेळात तो ऐकू येणेही कठीण असे. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत बासवादक जेम्स जेमर्सन यांनी उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने जे वाजवले, ते आजही आम्ही शिकतो. परंतु १९६० च्या दशकात त्या तबकड्यांवर वादकांची नावे बहुधा छापली जात नसत, हे मनाला लागते. अमेरिकन बासवादक लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवत असताना साथीला ड्रमवादक नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी ते अंगठ्याने तारेवर आघात करू लागले आणि त्यातून स्लॅप ही शैली रुजली.

शरीराची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. रुंद पट्टा वापरा, कारण वाद्याचे चार किलो वजन तासन्तास एकाच खांद्यावर असते. कानांबाबत तर तडजोडच नको: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला फार तर आठ तास सोसावा, दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी करावी, असा अमेरिकेतील नायॉश या, कामाच्या ठिकाणचे आरोग्य अभ्यासणाऱ्या संस्थेचा सल्ला आहे, म्हणजे १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. वादकांसाठीचे इअरप्लग ही चैन नव्हे. मी ते प्रत्येक कार्यक्रमात वापरतो.

निर्णय घेण्याआधी कोणाचा तरी बास मागून घ्या आणि गटातील ड्रमवादकाबरोबर दोघेच बसा. एकच ठेका, दोनच स्वर, अर्धा तास. वेग वाढवू नका, मध्ये करामती करू नका, फक्त स्वराची लांबी बदलत राहा आणि त्याच्या वाजवण्यात काय फरक पडतो ते ऐका. त्या अर्ध्या तासात आपल्याला घड्याळाकडे पाहावेसे वाटले नाही, तर मित्रांना होकार द्या. वाटले, तर गिटारच वाजवा आणि गटासाठी दुसरा बासवादक शोधा.