वाचक विचारतात : मिडपाइप, आर्गन आणि घुमणारा आवाज

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : स्पोर्ट्स कारचा मिडपाइप, म्हणजे कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागून शेवटच्या सायलेंसरपर्यंतचा मधला तुकडा, आपल्या मापाने बनवून घेणे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. कॅट काढून टाकण्याबद्दलही काहींनी विचारलं आहे. त्याचं उत्तर ‘काढू नका’ एवढंच.

प्रश्न : माझ्याकडे 2017 ची मस्टँग जीटी आहे. मूळ रेझोनेटरच्या (आवाज कमी करणाऱ्या मधल्या डब्याच्या) जागी मिडपाइप बनवायचा आहे. दोन्ही बाजूंना 3 इंची पाइप घेऊ का? आणि मध्ये एच जोड चांगला की एक्स? — एक वाचक, पुणे

3 इंच नको. या गाडीत सिलिंडरच्या प्रत्येक रांगेला स्वतंत्र पाइप आहे. भारतात आलेल्या सुमारे 400 पीएसच्या इंजिनाला प्रत्येकी अडीच इंच, म्हणजे 63.5 मिमी, पुरेसा आहे. 1.6 मिमी जाडी धरली तर त्याचं आतलं क्षेत्रफळ साधारण 2,850 चौरस मिमी भरतं, 3 इंचीचं 4,180. आकडा दीडपट दिसतो, पण मागचे सायलेंसर मूळचेच राहणार असतील तर वायूला शेवटी त्याच तोंडातून जायचं आहे. वजन मात्र मीटरला अडीच किलोवरून तीन किलोवर जातं आणि प्रॉपेलर शाफ्टशेजारची मोकळी जागा संपते.

आता एच की एक्स, म्हणजे दोन पाइप आडव्या नळीने जोडायचे की मधोमध एकत्र करून पुन्हा वेगळे करायचे. या व्ही8 चा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-5-4-8-6-3-7-2. फोर्डच्या पद्धतीत 1 ते 4 उजव्या रांगेत, 5 ते 8 डाव्या. क्रम नीट पाहिला तर 8 नंतर लगेच 6 येतो, दोन्ही डावे. आणि 2 नंतर पुन्हा 1, दोन्ही उजवे. म्हणजे प्रत्येक पाइपात धक्के 180, 90, 180, 270 अंशांच्या अंतराने, अडखळत येतात. ती ओळखीची गुरगुर त्यातूनच येते. एच जोडात दाब आडव्या नळीतून फक्त समतोल साधतो, गुरगुर टिकते. एक्समध्ये दोन्ही प्रवाह खरोखर मिसळतात, धक्के सारखे होतात, आवाज बारीक आणि चढा होतो, आणि वरच्या आरपीएमला थोडा फायदा मिळतो. रोज चालवायच्या गाडीला आम्ही एच सुचवू. बनवायलाही तो सोपा : आडवी नळी मुख्य पाइपाच्याच व्यासाची, दोन्ही टोकांना माशाच्या तोंडासारखा कट, बस्स.

बनवताना जुना पाइप अखंड उतरवा, कापून काढू नका. हँगर (पाइप टांगणारे आकडे), फ्लँज (बोल्टने जोडायच्या टोकाच्या चकत्या) आणि वळणं यांचं तेच तुमचं माप आहे. आधी दोन्ही टोकांचे फ्लँज गाडीवर बोल्टने पक्के करा आणि टोकांकडून मध्याकडे या. शेवटचा तुकडा मधला, सरळ आणि कापायला सोपा असू द्या. प्रत्येक जोडाला समोरासमोर चार टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे तात्पुरते टिपके. टॅक गाडीवर मारणार असाल तर बॅटरीची केबल सोडा, ऑक्सिजन सेन्सर काढून ठेवा, आणि इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्यांवर वेल्डिंग ब्लँकेट टाका. पूर्ण वेल्ड मात्र खाली उतरवूनच करा, आणि उतरवण्याआधी दोन्ही पाइपांमध्ये तात्पुरत्या आडव्या पट्ट्या टॅक करा. त्या नसतील तर एचचा वेल्ड थंड होताना पाइप एकमेकांकडे ओढले जातात आणि फ्लँजची भोकं जुळत नाहीत. मग पहार घालून ओढाताण सुरू होते, आणि तो ताण पुढे कॅटच्या जोडावर तडा म्हणून निघतो.

मापं मिलिमीटरमध्येच लिहा. सुताच्या हिशेबाने गेट बनतं, एक्झॉस्ट नाही. बॉडीपासून चहूबाजूंनी किमान 20 ते 25 मिमी अंतर हवं, ब्रेकच्या नळीजवळ त्याहून जास्त आणि वर उष्णतारोधक पत्रा. हे अंतर उगाच नाही. 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलचा दीड मीटर पाइप 500 अंशांनी तापला की सुमारे 13 मिमी लांबतो. मूळ पाइप बहुतेक गाड्यांत 409 जातीचे असतात, ते तेवढ्याच लांबीत आठ-नऊ मिमीच वाढतात. म्हणून मागच्या टोकाला सरकता जोड ठेवा आणि हँगर रबर थंड असताना किंचित पुढे झुकलेलं राहील असं बसवा, म्हणजे गरम झाल्यावर ते सरळ होतं.

प्रश्न : “304” म्हणून घेतलेल्या पाइपावर सहा महिन्यांत तांबूस डाग आले. वेल्डच्या आत काळी, खडबडीत साखर दिसते. वेल्डर म्हणतो, सगळ्यांचंच असं असतं. — एक वाचक, कोल्हापूर

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

डागावर बोट घासून पाहा. सोनेरी-तपकिरी छटा बोटाला लागत नसेल तर तो तापाचा रंग आहे, त्याची काळजी नको. लाल भुकटी लागली तर गंज, आणि मग माल बहुधा 202 असेल, ज्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. चुंबकाने काही कळत नाही, कारण 202 सुद्धा 304 इतकंच चुंबकाला दाद देत नाही. भंगारवाले वापरतात ती मँगनीज टेस्टची बाटली आणि 9 व्होल्टची बॅटरी घ्या : थेंब लाल झाला तर 200 मालिका. मोठी खरेदी असेल तर हीट नंबर (त्या ओतीव घाण्याचा क्रमांक) असलेलं कारखान्याचं मिल सर्टिफिकेट मागा.

तुमच्या भागात दूध संघ पुष्कळ, त्यामुळे एक सोय आहे. डेअरी फिटिंगच्या दुकानात 51, 63.5 आणि 76.1 मिमी बाहेरच्या व्यासाचे 304 चे गुळगुळीत बेंड तयार मिळतात. हायड्रॉलिक बेंडरवर वाकवून चेपलेल्या पाइपापेक्षा ते कितीतरी बरे. फक्त “अडीच इंची” असं म्हणू नका. प्लंबिंगच्या भाषेत अडीच इंच एनबी (नावापुरता व्यास) म्हणजे बाहेरून किमान 73 मिमी. नेहमी बाहेरचा व्यास मिमीमध्ये सांगा.

साखर धरते ती आतून आर्गन (हवेला दूर ठेवणारा निष्क्रिय वायू) न सोडल्यामुळे. वितळलेल्या मुळाला मागून हवा लागते, क्रोमियम जळतं आणि तो खडबडीत थर पुढे तड्याची सुरुवात ठरतो. दोन्ही तोंडं ॲल्युमिनियम टेपने बंद करा, खालच्या तोंडातून आर्गन सोडा आणि वरच्या तोंडाला बारीक भोक ठेवा, कारण आर्गन हवेपेक्षा जड आहे. दीड मीटरच्या 63.5 मिमी पाइपात साधारण 4.3 लिटर जागा असते. त्याच्या पाचपट, म्हणजे 21-22 लिटर वायू आधी जाऊ द्या : मिनिटाला 8 लिटरने पावणेतीन मिनिटं. मग प्रवाह कमी करून वेल्ड सुरू. शेवटचा सेंटिमीटर बंद करताना प्रवाह आणखी घटवा, नाहीतर आतला दाब वितळलेला धातू बाहेर फुंकतो. 1.6 मिमी जाडीला 45 ते 65 अँपिअर, 308एल फिलर (वेल्डमध्ये भरायची तार). 409 च्या मूळ तुकड्याशी जोड असेल तर 309एल. “सगळ्यांचंच असं असतं” म्हणणाऱ्याला दुसरा जॉब देऊ नका.

प्रश्न : जुन्या माझदा एमएक्स-5 ला सरळ मिडपाइप लावला. 3,000 आरपीएमवर केबिन घुमते, डोकं उठतं. काचतंतू भरलेला रेझोनेटर लावून पाहिला, फरक नाही. — एक वाचक, लंडन

फरक पडणारही नव्हता. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे 3,000 आरपीएमवर 100 हर्ट्झ. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला 500 मीटरच्या आसपास, म्हणून तरंगलांबी 5 मीटर. दोन-अडीच सेंटिमीटरचा काचतंतूचा थर तिला काय अडवणार? तो वरच्या पट्टीतली करकर शोषतो, तेवढंच त्याचं काम.

इथे लागते ती बंद टोकाची बाजूची नळी, तरंगलांबीच्या पाव लांबीची. आवाज आत जाऊन उलट्या कलेत (फेजमध्ये) परततो आणि मूळ आवाजाला मारतो. हिशेबाने लांबी 1.25 मीटर. पण बंद नळीतला वायू बराच थंड असतो. तो 150 अंशांवर असेल तर वेग 410 मीटरवर येतो आणि लांबी 1.03 मीटर. खरी लांबी या दोहोंमध्ये कुठेतरी, म्हणून आधीच वेल्ड करू नका. शेवटचे 25 सेंटिमीटर सरकते ठेवून क्लॅम्प लावा, फोनवरचं स्पेक्ट्रम ॲप उघडून रस्त्यावर फिरा, 100 हर्ट्झचा उंचवटा सर्वांत बसतो तिथे खूण करा. नळी मुख्य पाइपाच्याच व्यासाची हवी, बंद टोक किंचित वर, म्हणजे पाणी साचणार नाही. ती शेपटीच्या (टेलपाइपच्या) उघड्या तोंडाजवळ लावाल तर सगळी मेहनत वाया, कारण तिथे दाबाची चढउतार जवळजवळ नसतेच. सायलेंसरच्या पुढे, मधल्या भागात जागा शोधा. मीटरभर सरळ जागा मिळणार नाही. यू बेंड देऊन पाइपाला समांतर परत आणली तरी चालते.

प्रश्न : नवीन पाइपानंतर पीयूसीमध्ये लॅम्डा 1.08 येतो. इंजिनात दोष नाही. — एक वाचक, नाशिक

लॅम्डा म्हणजे हवा आणि इंधनाचं प्रमाण, 1 म्हणजे नेमकं. मर्यादा 0.97 ते 1.03. जोडातून हवा आत ओढली जात असणार : धक्क्यांमधल्या क्षणिक पोकळीत गळकी फ्लँज हवा शोषते आणि यंत्राला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. थंड इंजिन चालू करून शेपटीचं तोंड जाड ओल्या फडक्याने क्षणभर दाबा आणि जोडांवर साबणाचं पाणी टाका. व्ही-बँड (दोन रिंगांवर क्लॅम्प आवळून केलेला जोड) गळत असेल तर बहुधा वेल्ड करताना रिंगा क्लॅम्पमध्ये आवळलेल्या नव्हत्या आणि त्या वाकल्या. काचेवर पॉलिश पेपर ठेवून रिंग घासून सपाट करा. पेस्ट थापणं हा तात्पुरता उपाय आहे.

प्रश्न : पोलिसांनी अडवलं तर? — अनेक वाचक

मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ(4) नुसार अमान्य फेरबदलाला मालकाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज वा धुराच्या मानकांचा भंग झाला तर कलम 190(2) नुसार पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. “मागचा सायलेंसर मूळचाच आहे” हा बचाव आवाज वाढला असेल तर टिकत नाही. म्हणून रेझोनेटर काढणाऱ्यांनी मूळ पाइप भंगारात देऊ नये. तो बोल्ट आणि नव्या पॅकिंगसकट कोरड्या जागी ठेवा. तासाभरात परत चढवता आला पाहिजे.