घरी गुणी, शाळेत मारकुटा

"मॅडम, घरी इतका गुणी आहे हो तो. शाळेतच काय होतं त्याला?" शाळेत समुपदेशक झाल्यापासून हे वाक्य मी ऐकत आले आहे. पुढचं वाक्यही ठरलेलं: संगत वाईट असणार.

अर्णव (नाव बदललं आहे) दुसरीतला. पकडापकडीत राज्य आलं की कोणाला तरी ढकलणार, नाहीतर डबा भिरकावणार. बाईंनी सांगितलं की सॉरी म्हणायचा, अगदी गोड म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझ्याशी तो आधी बोलेचना. मग आम्ही सापशिडी मांडली. मी नव्वदीत पोचले तशी त्याने माझी सोंगटीच उचलून फेकली.

"घरी कोणाबरोबर खेळतोस?"

"आजोबांबरोबर."

"कोण जिंकतं?"

"मीच. रोज."

घरच्यांनी लाडाने त्याला कच्चा लिंबू करून ठेवलं होतं! राज्य कधी आलंच नाही, तर ते घ्यायला तो शिकणार कुठे?

"राज्य आलं की काय वाटतं रे?"

"सगळे म्हणणार, अर्णव ढ आहे."

"म्हणतात?"

तो बराच वेळ फासा फिरवत राहिला. "नाही. मीच म्हणतो."

मी गप्पच झाले. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी उपचारपद्धत मांडली, तिचं मर्म हेच: घटनेपेक्षा तिच्याबद्दल आपण स्वतःशी जे बोलतो, त्याने आपण जास्त बिथरतो. मोठ्यांना हे पटवताना माझा घसा कोरडा पडतो, आणि इथे सात वर्षांच्या पोराने ते स्वतःच शोधलं होतं. 'हरायला आवडत नाही' आणि 'मी हरताच कामा नये' यांतला फरक मग त्याला चटकन कळला. पुढची युक्तीही त्याचीच: "ताई, रागाला टाइमप्लीज घेतली तर चालेल?"

चालेल काय, धावेल! पण खोलीत शिकलेलं मैदानावर टिकत नाही. म्हणून रोज मधल्या सुट्टीत बाईंसमोर सराव केला: टाइमप्लीज, बाजूला पाणी पिणं, मग "मला परत घेता का?" असं विचारणं. हे शेवटचं त्याला सगळ्यात जड गेलं. मध्ये एकदा ढकलाढकलीही झालीच.

पालकांनो, राग चढलेला असताना उपदेश करू नका, तो कानात शिरत नाही. सॉरीची घाई नको. मूल शांत असताना सराव घ्या. आणि घरी खरं खेळा. हरलं तर रडू द्या, पण डाव मोडू नका.

परवा अर्णवच्या आईचा फोन आला. सापशिडी खेळताना तो आजोबांना दटावत होता, "आजोबा, तुम्हाला पाच पडलेत. चारच घरं का गेलात?"