नवनव्या गोष्टी केल्याने उतारवयात स्मरणशक्ती सुधारते का? यात डोपामिनचा संबंध काय?

तुमच्या प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत. वडील ६९ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, मुलुंडला घरी असतात आणि हल्ली परवाचं-कालचं विसरतात. दिवसभर मोबाइलवर रील्स पाहतात. कोणीतरी ‘डोपामिन डिटॉक्स’, म्हणजे डोपामिन भरून यावं म्हणून काही दिवस मोबाइलसारखी करमणूक बंद, करा म्हणून सांगितलंय, आणि नात्यातल्या एकाने खाजकुइलीच्या कॅप्सूल आणून ठेवल्यात. आधी सरळ उत्तर देतो. नावीन्याने आठवण पक्की होते हे खरं आहे, पण त्या नावीन्यात माणसाने स्वतः काहीतरी करावं लागतं. डिटॉक्सने काही साधत नाही. कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच सुरू करू नका.

डोपामिन हे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन. ते म्हणजे आनंदाचं रसायन, हा समज आधी काढून टाकायला हवा. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून याचं चित्र स्पष्ट झालं. त्यावरचा त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९९७ चा. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की मध्यमेंदूतल्या डोपामिनच्या पेशी जोरात चेततात. पण रसाआधी दरवेळी दिवा लागत असेल, तर काही दिवसांनी त्या पेशी दिव्यालाच चेततात आणि रस मिळाला तरी गप्प राहतात. दिवा लागून रस आला नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी त्यांचं चेतणं नेहमीपेक्षाही खाली जातं. म्हणजे ‘अपेक्षा एक होती, घडलं दुसरंच’ हा फरक डोपामिन मेंदूला कळवतं. मुलुंड ते सीएसएमटी रोजची तीच लोकल, तोच डबा, असे हजारो प्रवास तुमच्या वडिलांना आठवणार नाहीत. पण गाडी कुर्ल्याच्या पुढे तासभर अडकली आणि रुळांवरून चालत जावं लागलं, तो दिवस बारीकसारीक तपशिलांसह आठवेल.

याचा आठवणीशी धागा असा जुळतो. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग समोरचं दृश्य पूर्वी पाहिलेल्याशी ताडून बघतो. काही नवीन दिसलं की तिथून मध्यमेंदूला खबर जाते, आणि तिथून सुटलेलं डोपामिन परत हिप्पोकॅम्पसमध्ये येऊन पेशींमधले जोड टिकाऊ करायला मदत करतं. त्यासाठी पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात आणि त्याला तास लागतात. म्हणून डोपामिनचा फायदा बरेचदा लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी दिसतो. २००६ साली ॲडकॉक आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकेक चित्र दाखवण्याआधीच सांगितलं की हे लक्षात राहिलं तर ५ डॉलर मिळतील, किंवा १० सेंट. दुसऱ्या दिवशी ५ डॉलरवाली चित्रं जास्त आठवली. त्यातही लक्षवेधी बाब अशी की जी चित्रं दिसण्यापूर्वीच मध्यमेंदूत आणि हिप्पोकॅम्पसमध्ये हालचाल वाढली होती, ती चित्रं पुढे आठवली. मेंदू आधीच सज्ज होता.

बक्षीस पैशाचंच हवं असं नाही, कुतूहलही तेच काम करतं. ग्रुबर आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात लोकांना कोडी घातली आणि उत्तर यायची वाट पाहत असताना मध्येच अनोळखी चेहरे दाखवले. ज्या कोड्याची उत्सुकता जास्त, त्या वेळी दिसलेले चेहरेही नंतर जास्त आठवले, जरी त्या चेहऱ्यांचा कोड्याशी काडीचाही संबंध नव्हता.

तुमच्यासाठी सर्वांत उपयोगी भाग वेळेचा आहे. उंदरांना एखादी गोष्ट जेमतेम शिकवली तर ती दुसऱ्या दिवशी राहत नाही. पण त्याच्या तासभर आधी किंवा नंतर त्यांना पाच मिनिटं अनोळखी जागेत फिरू दिलं, तर ती राहते. ओळखीच्या जागेत फिरवलं तर काही उपयोग होत नाही, आणि डोपामिनचे ठरावीक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या निरोप झेलणाऱ्या जागा) औषधाने अडवले तरीही होत नाही. मोंकाडा आणि व्हिओला यांनी हे २००७ साली दाखवलं. नंतर अर्जेंटिनातल्या शाळांमध्ये मुलांना गोष्ट सांगून, तिच्या तासभर आधी किंवा नंतर विज्ञानाचा वा संगीताचा अगदी वेगळा तास घेतला, तेव्हा दुसऱ्या दिवशी गोष्ट जास्त आठवली. तोच तास चार तासांच्या अंतराने घेतला तर फरक पडला नाही. प्रयोग मुलांवरचे असले तरी वडिलांसाठी हे अंतर पाळायला काहीच खर्च नाही, म्हणून मी ते पाळायला सांगतो.

आता वय. माणसाच्या मध्यमेंदूत डोपामिनच्या पेशी जेमतेम चार ते सहा लाख असतात, संपूर्ण मेंदूत पेशी सुमारे ८६०० कोटी. त्या पेशी वयाबरोबर थोड्या कमी होतात, आणि त्यांचा निरोप झेलणारे डी-२ ग्राहक तरुणपणापासून दर दशकाला साधारण १० टक्क्यांच्या आसपास घटत जातात. त्यामुळे उतारवयात नवीन गोष्टीची खबर मेंदूत क्षीण पोचते. याच कारणाने ६५ ते ७५ वयाच्या लोकांना लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामिन बनतं ते औषध, देऊन पाहिलं गेलं (चौधरी आणि सहकारी, २०१२). दोन तासांनी आठवणीत फरक नव्हता, सहा तासांनी होता. पण तो मात्रेवर ठरत होता: वजनाच्या मानाने मध्यम मात्रा मिळालेल्यांना फायदा झाला, कमी किंवा जास्त मिळालेल्यांना नाही.

इथेच खाजकुइलीचा मुद्दा येतो. तिच्या बियांत वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असतं, म्हणजे ते खरोखरचं औषध आहे आणि मात्रा मात्र बियांगणिक बदलते. ज्या गोष्टीत थोडं जास्त झालं तर फायदाच जातो, तिथे अंदाजे मात्रा घेणं चूक आहे. शिवाय मळमळ, उभं राहताना रक्तदाब एकदम उतरणं, गोंधळ, भास हे परिणाम होऊ शकतात. रक्तदाबाची गोळी चालू असलेला माणूस रात्री बाथरूमला उठला आणि तोल गेला, तर खुब्याचं हाड मोडतं. केळ्यात डोपामिन असतं वगैरे वाचलं असेल, तर ते पोटातून रक्तात गेलं तरी रक्तातून मेंदूत शिरत नाही.

डिटॉक्सबद्दल एवढंच सांगतो की डोपामिन मोबाइलने संपत नाही आणि मोबाइल ठेवून दिल्याने साठतही नाही. रील्सचा तोटा माझ्या मते वेगळा आहे. प्रत्येक रील नवीन असते, पण पाहणारा त्याच खुर्चीत, तोच अंगठा, आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधून तो तपासायला वेळच मिळत नाही. शंभर रील्सना स्थळ-काळ एकच, त्यामुळे संध्याकाळी एकही धरून ठेवता येत नाही. झोपेआधीचे दोन तास तेवढा मोबाइल बंद करा, कारण झोप बुडाली की डी-२ ग्राहकांची उपलब्धता कमी झालेली मेंदूच्या चित्रणात दिसते, आणि आठवण पक्की होण्याचं बरंचसं काम झोपेतच चालतं.

काहीही सुरू करण्याआधी वडिलांचा औषधांचा डबा उघडा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण आपल्याकडे हे फार वेळा नजरेतून सुटतं. ॲसिडिटीच्या अनेक कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोल किंवा राबेप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असतं. ते डोपामिनचे ग्राहक अडवतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरचं सिनारिझिन आणि मायग्रेनवरचं फ्लुनारिझिनही तेच करतात. ही महिनोन्‌महिने चालू राहिली की वयस्क माणूस मंद हालतो, चेहरा निर्विकार दिसतो, हात थरथरतो, कशातच उत्साह राहत नाही, आणि घरच्यांना वाटतं वय झालं. पाकिटामागचा बारीक मजकूर भिंगाने वाचा, नावं लिहून काढा आणि औषध दिलेल्या डॉक्टरांकडे न्या. स्वतःहून एकदम बंद करू नका. बंद झाल्यावरही सुधारायला काही आठवडे, कधी महिने लागतात. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन आणि लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन वेगळ्या वाटेने, पण थेट स्मरणशक्तीलाच त्रास देतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षं चालू असेल किंवा आहार शाकाहारी असेल तर बी-१२ तपासा. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सोडियम, हिमोग्लोबिन आणि कानांची तपासणी. जे नीट ऐकूच आलं नाही ते आठवणार कसं?

नाव पटकन न आठवणं आणि तासाभराने आठवणं, याची काळजी नको. पण दहा मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा विचारणं, मुलुंड स्टेशनवरून घरी यायची वाट चुकणं, विजेचं बिल दोनदा भरणं, असं होत असेल तर न्यूरोलॉजिस्ट गाठा. परळच्या केईएममध्ये न्यूरोलॉजीची ओपीडी आहे, खर्चाची अडचण असेल तर तिथे जा.

आता करायचं काय. २०१४ साली डेनिस पार्क यांच्या गटाने ६० ते ९० वयाच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला सरासरी १५ तासांहून जास्त, डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम अगदी मुळापासून शिकवलं. त्यांची आठवण सुधारली. तेवढाच वेळ गप्पा, सहली आणि खेळांत घालवलेल्या गटाची तशी सुधारली नाही. म्हणून रोजचं शब्दकोडं पुरत नाही, ते त्यांना आधीच जमतं.

मराठी वाचणाऱ्या निवृत्त माणसाला मी मोडी लिपी सुचवेन. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं लिहीत जायची, आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. त्यामुळे प्रत्येक ओळीत अंदाज बांधायचा, पुढची अक्षरं पाहून तो चुकला की बरोबर हे लगेच कळतं. डोपामिनला नेमकं हेच हवं असतं. पहिले तीन आठवडे बाराखडी आणि स्वतःचं नाव-पत्ता, मग छापील मोडी, मग जुनी पत्रं. दिवसाला पाऊण तासाच्या दोन बैठका, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे नऊ तास होतात. दहातली नऊ अक्षरं सहज वाचू लागले की उतारा अवघड करा. निम्मीही जमेनात तर मागे या, नाहीतर ते सोडून देतील. चूक लगेच आणि शांतपणे सांगा. ‘बाबा, तुम्हाला कालच सांगितलं होतं’ या एका वाक्याने उत्सुकता मरते. मोडी आवडली नाही तर हार्मोनियम घ्या, पण तीन महिने एकच धरा. दर आठवड्याला नवा छंद घेतला की कुठलाच अवघड टप्प्यापर्यंत पोचत नाही.

याशिवाय आठवड्यातून दोनदा अनोळखी जागी जाणं. बाणगंगा, शिवडीचा किल्ला, ससून डॉक, भायखळ्याची राणीची बाग (बुधवारी बंद). दुपारी अकरा ते चारमध्ये, म्हणजे लोकलला गर्दी कमी. वाट त्यांना शोधू द्या, तुम्ही मागे चाला. घामाघूम, घाबरलेला किंवा दमलेला माणूस नवीन काही टिपत नाही, म्हणून दोन तासांत परत. जे लक्षात राहायला हवं, जसं नवीन गोळीची वेळ, एटीएमचा बदललेला पिन किंवा मोडीची त्या दिवसाची अक्षरं, ते निघण्याआधी अर्धा तास किंवा परतल्यावर अर्ध्या तासात करून घ्या. बाकीच्या दिवशी आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं भरभर चालणं. वर्षभर एवढं चालणाऱ्या वयस्कांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला २०११ च्या एका अभ्यासात आढळला होता. पावसाळ्यात फुटपाथ निसरडे असतात, तेव्हा इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा.

फरक पडतोय का हे त्याच संध्याकाळी विचारून ठरवू नका. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी काल पाहिलेल्या पाच गोष्टी त्यांना सांगायला लावा, फोटो न दाखवता, आणि किती आठवल्या तो आकडा कॅलेंडरवर मांडा. पहिल्या महिन्यात आकडा हलला नाही तरी चालू ठेवा. तीन महिन्यांनंतरही तो घटतच असेल, तर ते कॅलेंडर आणि औषधांची यादी घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. ‘विसरतात हो’ एवढं सांगण्यापेक्षा त्यावरून त्यांना कितीतरी जास्त कळेल.