भाड्याच्या खोलीसाठी मदत देताना : रक्कम थोडी कमी चालेल, तारीख चुकायला नको

नमस्कार ताई,

तुमच्या मंडळाकडे २,४०,००० रुपये जमले आहेत आणि इंदूरमधली आठ कुटुंबं भाडं थकल्यामुळे खोली सोडायच्या बेतात आहेत. त्यांना वर्षभर दरमहा अडीच हजार रोख द्यावेत, घरमालकाला परस्पर भाडं द्यावं की किराणा भरून द्यावा, असं तुम्ही विचारलंत. रोख दिली तर दारूत जाईल, ही धास्तीही तुम्ही लिहिलीत. मी इथेच अकरा वर्षं चार-पाच जणांसोबत असा एक छोटा फंड चालवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दारूचं आधी. याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या इंदूर जिल्ह्यातल्याच आठ गावांत ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११-१२ मध्ये दीड वर्षाच्या आसपास सगळ्यांना बिनशर्त रोख पैसे दिले होते. मोठ्या माणसाला महिना २०० आणि मुलामागे १०० रुपये. वर्षभराने ते ३०० आणि १५० केले. मुलांचा वाटा आईकडे जायचा. शेजारच्या बारा गावांना काही दिलं नाही आणि दोन्हीकडची तुलना केली. दारू वाढल्याचं दिसलं नाही. खाणंपिणं सुधारलं, मुलं शाळेत जास्त जाऊ लागली, लोकांनी शेळ्या घेतल्या, घराची डागडुजी केली. तेव्हा रोखच द्या, आणि बाईच्या खात्यात द्या.

पण माझा खरा मुद्दा तारखेचा आहे, आणि तो मी चूक करून शिकले.

सुदामा नगरात धुणी-भांडी करणाऱ्या एका ताईंना आम्ही दरमहा दोन हजार कबूल केले होते. नवरा रंगकाम करायचा. खोलीचं भाडं ४,२०० आणि ते पाच तारखेला द्यायचं. आम्ही मात्र वर्गणी जमेल तसे पैसे पाठवायचो, कधी तीन तारखेला, कधी एकोणीसला. श्रावणात पावसामुळे नवऱ्याचं काम बंद पडलं आणि नेमके त्याच महिन्यात आमचे पैसे बावीसला गेले. मी भेटायला गेले तेव्हा भिंतीवर कॅलेंडर होतं. अकरा तारखेपर्यंत प्रत्येक चौकटीत दुधाचं ‘अर्धा’ लिहिलेलं होतं, बारापासून चौकट्या कोऱ्या. पाच तारखेला खोली वाचवायला तिने महिना दहा टक्क्यांनी पैसे उचलले होते आणि त्या व्याजापायी पोरांचं दूध बंद केलं होतं. आमचे दोन हजार तिला मिळाले, पण त्यातला मोठा वाटा व्याजात गेला. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

त्यानंतर आम्ही ठरवलं की पैसे एक तारखेलाच जातील, मग वर्गणी येवो न येवो. त्यासाठी तीन महिन्यांची रक्कम आधीच बाजूला ठेवतो. त्या ताईंनी पुढच्या वर्षी एक घर सोडलं. चार वर्षं पगार न वाढवणारं घर होतं ते. एक तारखेचा भरवसा होता, म्हणून महिनाभर दुसरं काम शोधायला त्यांना जमलं. अमेरिकेत स्टॉकटन शहराने २०१९ पासून १२५ जणांना दरमहा ५०० डॉलर दिले, तिथेही पहिल्या वर्षात पूर्णवेळ नोकरी असलेल्यांचं प्रमाण २८ वरून ४० टक्क्यांवर गेलं. भरवशाच्या पैशाने माणूस आळशी होतो म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

घरमालकाला परस्पर भाडं देऊ नका. आमच्या एका कुटुंबाच्या घरमालकाला हे कळल्यावर पुढच्याच महिन्यात तो म्हणाला, “अब तो संस्था दे रही है, पाँच सौ बढ़ा दो.” शिवाय बाईची त्याच्यासमोरची पत जाते. किराण्याचंही तसंच. तेल-डाळ भरलेली असली तरी खोलीला कुलूप लागायचं ते लागतंच.

मासिक पैशाने एक गोष्ट मात्र सुटत नाही, ती म्हणजे डिपॉझिट. खोली जाते तेव्हा जुनं डिपॉझिट थकलेल्या भाड्यात आणि लाइट बिलात वळतं होतं, आणि नव्या खोलीसाठी दोन महिन्यांचं भाडं एकदम मोजावं लागतं. बहुतेक कुटुंबं इथेच अडकतात. मग सामान एका नातेवाइकाकडे, पोरं दुसऱ्याकडे, शाळा बुडालेली. कॅनडात व्हँकूव्हरला २०१८ मध्ये ५० बेघर माणसांना एकरकमी ७,५०० डॉलर दिले, तेव्हा पैसे न मिळालेल्यांच्या तुलनेत वर्षभरात त्यांचे बेघरपणाचे सरासरी ९९ दिवस कमी झाले. त्या प्रयोगात गंभीर व्यसन किंवा मानसिक आजार असलेल्यांना घेतलं नव्हतं, हेही लक्षात ठेवा. आणि अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये बेघरांनाच पैसे दिले, तिथे महिना १,००० डॉलर मिळालेल्या आणि फक्त ५० डॉलर मिळालेल्या, दोन्ही गटांत दहा महिन्यांनी साधारण ४५ टक्के लोक स्वतःच्या घरात होते. म्हणजे पैसा एवढं एकच औषध आहे असं मी म्हणणार नाही.

आता तुमचा हिशेब. आठ घरांना अडीच हजार वाटलेत तर एकाचंही भाडं पुरं होत नाही. माझं ऐकाल तर ज्यांची कमाईच अनियमित आहे अशी चार कुटुंबं निवडा आणि त्यांना वर्षभर ३,५०० द्या, १,६८,००० झाले. त्याच चौघांच्या डिपॉझिटसाठी दहा-दहा हजार राखून ठेवा, आणि ते तेवढे घरमालकाला पावती घेऊन परस्पर दिलेत तरी चालेल. उरले ३२,०००. बाकीच्या चार घरांत बहुधा अडचण एकदाचीच असेल, कुणाचं आजारपण, कुणाची सुटलेली नोकरी. त्यांना थकबाकीसाठी एकदाच आठ-आठ हजार द्या. हातात शिल्लक काही राहत नाही, म्हणून वर्गणी मात्र चालू ठेवा. मदत कोणत्या महिन्यात संपणार हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा आणि दहाव्या महिन्यात पुन्हा जाऊन बसा.

आणखी एक. मध्य प्रदेश सरकारच्या ‘लाडली बहना’ योजनेचे दरमहाचे पैसे येतात का, ते प्रत्येकीला विचारा. खोल्या बदलताना मोबाइल नंबर बदलतो, समग्र आयडीचं (राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणी क्रमांकाचं) केवायसी राहतं, आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं निघतं, आणि हक्काचे पैसे अडकतात. तुमच्या पैशांसाठीही तेच. पहिल्या हप्त्याआधी प्रत्येकीच्या खात्यात एक रुपया टाकून बघा. तो पोचल्याचा तिचा फोन आला, की मगच तिला एक तारखेचा शब्द द्या.