‘शेक’, ‘किरणोपचार’ आणि सोबतची केमो

प्रश्न असा आहे. कोल्हापुरातले काही कार्यकर्ते अन्ननलिकेच्या आणि गुदद्वाराच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्यांसाठी मराठी माहितीपत्रक लिहीत आहेत. रेडिओथेरपीला सगळेच ‘शेक’ म्हणतात, तोच शब्द ठेवावा, की ‘किरणोत्सर्ग’ किंवा ‘किरणोपचार’ लिहावे? आणि रेडिओथेरपी चालू असतानाच जी केमो देतात तिला ‘पूरक केमोथेरपी’ म्हटले तर चालेल का?

लिहिताना ‘किरणोपचार’ घ्या, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे ज्याला आपण शेक किंवा लाईट म्हणतो तो’ एवढे जोडा. ‘पूरक केमो’ मात्र नको. त्या शब्दाने उपचाराचा क्रमच उलटा होतो.

‘शेक’ हा शब्द वाईट नाही. निपाणीपासून गडहिंग्लजपर्यंत कुणालाही ‘शेक चालू हाय’ म्हटले की कळते, आणि जो शब्द कळतो त्याला पत्रकातून हाकलणे शहाणपणाचे नाही. अडचण येते ती गुदद्वाराच्या कॅन्सरमध्ये. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचे रक्त पडणे सुरुवातीला मूळव्याधीच्या खात्यावर जमा झालेले असते, आणि मूळव्याधीला आपल्याकडे पहिला सल्ला ‘गरम पाण्याचा शेक घ्या’ हाच असतो. पुढे किरणोपचार चालू असताना त्या भागाची आणि जांघेतली कातडी सोलवटते, तेव्हा डॉक्टर कोमट पाण्याच्या टबात बसायला सांगतात. त्यालाही घरचे शेकच म्हणतात. म्हणजे एकाच आजारात, एकाच महिन्यात, एकाच अवयवाला दोन ‘शेक’. पत्रकात ‘शेकाच्या काळात कातडीला उष्णता लावू नये’ असे छापले, तर वाचणाऱ्याने काय समजायचे? त्यातून कुणी गरम पाण्याची पिशवी लावून बसले, तर आधीच नाजूक झालेल्या कातडीला भाजते.

शिवाय शेक म्हटला की ऊब आली, आणि इथे ऊब नाहीच. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. लुई हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाच्या नावावरून हे एकक आले. गुदद्वाराच्या कॅन्सरला साधारण ५०.४ ग्रे देतात. ही सगळी मात्रा एकदम दिली असती, तरी पाण्याच्या हिशोबाने तापमान फक्त ०.०१२ अंश सेल्सिअसने वाढले असते. प्रत्यक्षात ती साडेपाच आठवड्यांत विभागलेली असते. मग कातडी लाल होते, काळवंडते, सोलते ती कशाने? किरण पेशींतल्या डीएनएचे धागे तोडतात आणि त्या पेशी पुढे विभागताना मरतात. म्हणूनच त्रास पहिल्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि उपचार संपल्यावरही काही दिवस वाढतच राहतो. ‘भाजले’ या शब्दाने हा उशीर समजत नाही. ‘शेक तर संपला, मग आता का वाढतंय?’ हा प्रश्न त्यातूनच येतो.

‘किरणोत्सर्ग’ इथे सरळ चूक आहे. उत्सर्ग म्हणजे बाहेर टाकणे. किरणोत्सर्गी पदार्थ स्वतः किरण बाहेर टाकतो. बाहेरून यंत्राने किरण घेतलेला माणूस काहीही बाहेर टाकत नाही. तो घरी येऊन नातवंडांना मांडीवर घेऊ शकतो, त्याचे ताट-वाटी वेगळे ठेवायची गरज नाही. पत्रकात ‘किरणोत्सर्ग’ छापलात, तर ही भीती तुम्हीच पेरली असे होईल.

आता ‘पूरक’कडे. कॅन्सरच्या परिभाषेत पूरक किंवा सहायक उपचार म्हणजे मुख्य उपचार, बहुधा ऑपरेशन, झाल्यावर उरल्यासुरल्या पेशींसाठी दिलेला उपचार. किरणोपचारासोबतची केमो त्यासाठी नसते. तिचे पहिले काम किरणांची धार वाढवणे. फाइव्ह-एफयू किंवा सिस्प्लॅटिन ही केमोची औषधे शरीरात असताना किरणांनी तोडलेला डीएनए पेशीला नीट सांधता येत नाही. त्यामुळे केमो त्याच दिवसांत मिळाली तरच उपयोग. महिन्याभराने दिली, तर हा फायदा गेला.

या ‘सोबत’ला मोठा इतिहास आहे. १९७४ साली डेट्रॉइटचे सर्जन नॉर्मन निग्रो यांनी गुदद्वाराच्या कॅन्सरच्या तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. ऑपरेशन सोपे जावे म्हणून त्यांना आधी ३० ग्रे किरणोपचार आणि सोबत केमो दिली होती. दोघांचे ऑपरेशन झाले, तर काढलेल्या भागात कॅन्सर सापडलाच नाही. तिसऱ्याने ऑपरेशन नाकारले आणि तोही रोगमुक्त राहिला. तोवर या आजाराला गुदद्वार काढून पोटावर मलाची कायमची पिशवी हाच मुख्य रस्ता होता. पुढे ब्रिटनच्या ‘अ‍ॅक्ट १’ अभ्यासात (१९९६) ५८५ रुग्णांवर तुलना झाली. नुसत्या किरणोपचाराने कॅन्सर त्या जागी आटोक्यात राहिला नाही ५९ टक्क्यांत, फाइव्ह-एफयू आणि मायटोमायसिन सोबत दिल्यावर ३६ टक्क्यांत. अन्ननलिकेतही तेच दिसले. अमेरिकेच्या ‘आरटीओजी ८५-०१’ अभ्यासात नुसते ६४ ग्रे घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी कुणीही हयात नव्हते. ५० ग्रेसोबत सिस्प्लॅटिन आणि फाइव्ह-एफयू घेतलेल्यांत २६ टक्के होते. किरण कमी, तरी निकाल चांगला. फरक पडला तो सोबतीने. नंतर ‘मग सोबत ठेवून किरणही वाढवू’ म्हणून ६४.८ ग्रे देऊन पाहिले, त्याचा फायदा झाला नाही, आणि ५०.४ हाच आकडा टिकला.

म्हणून पत्रकात ‘किरणोपचारासोबत केमो’ असे दोन शब्द मोकळेपणाने लिहा. ‘केमो-किरणोपचार’ हा जोडशब्द आटोपशीर वाटतो, पण मराठीत तो द्वंद्व समास म्हणून वाचला जातो. केमो आणि किरणोपचार दोन्ही आहेत एवढेच कळते, केव्हा ते कळत नाही. इंग्रजी ‘कन्करंट’साठीचा ‘समवर्ती’ हा राज्यघटनेतल्या सूचीपुरता ठीक. ‘नव-सहायक’ हा शब्द तर कुणी वापरूच नये. तिथे ‘ऑपरेशनच्या आधी’ असे लिहावे.

अन्ननलिकेसाठी हा ‘आधी’ महत्त्वाचा आहे, कारण तिथे दोन वेगळ्या वाटा आहेत. ऑपरेशन करायचे असेल, तर नेदरलँड्सच्या ‘क्रॉस’ अभ्यासाची (२०१२) पद्धत : ४१.४ ग्रे, २३ भागांत, सोबत पाच आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, मग ऑपरेशन. नुसत्या ऑपरेशनने मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) २४ महिने होते, या पद्धतीने ४९.४ झाले. ऑपरेशन करायचे नसेल, तर साधारण ५०.४ ग्रे आणि सोबत केमो हाच पूर्ण उपचार. या दुसऱ्या वाटेला ‘निश्चित उपचार’ असे नाव छापलेले दिसते. वाचणाऱ्याला त्यातून हमी ऐकू येते. ‘ऑपरेशनविना, बरे करण्यासाठी’ असे म्हणा.

यात पेशींचा प्रकारही सांगायला हवा. रिपोर्टवर ‘स्क्वॅमस’ (अस्तराच्या चपट्या पेशींचा) किंवा ‘अ‍ॅडिनो’ (ग्रंथींच्या पेशींचा) असते, तेच शब्द ठेवा, रुग्णाला ते कागदावर शोधता आले पाहिजेत. आपल्याकडे, तंबाखू आणि मिसरीच्या पट्ट्यात, अन्ननलिकेचा कॅन्सर बहुधा स्क्वॅमस असतो. अ‍ॅडिनो प्रकारात जर्मनीच्या ‘इसोपेक’ अभ्यासाने अलीकडे वेगळे दाखवले : ऑपरेशनच्या आधी आणि नंतर नुसती केमो घेतलेल्यांचे मध्यक आयुष्य ६६ महिने, ‘क्रॉस’ पद्धतीने ३७. म्हणून ‘अन्ननलिकेच्या कॅन्सरला किरणोपचार देतातच’ असे सरसकट वाक्य आता लिहिता येणार नाही.

अशीच गफलत गुदाशय (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) आणि गुदद्वार (त्याचे बाहेरचे तोंड) यांत होते. गुदाशयाचा कॅन्सर बहुतेक अ‍ॅडिनो, तिथे सहसा ऑपरेशन हाच कणा. गुदद्वाराचा बहुतेक स्क्वॅमस, तिथे किरणोपचारासोबत केमो हाच मुख्य उपचार आणि ऑपरेशन राखीव. संकोचाने ‘खालचा भाग’ लिहाल, तर दोन आजार एक होतील.

मात्रेच्या भागांचा शब्दही जपून निवडा. ५०.४ ग्रे म्हणजे रोज १.८ ग्रे असे २८ भाग, आठवड्यातून पाच दिवस. फाइलवर ते ५०४० असे सेंटिग्रेमध्ये लिहिलेले दिसेल. इंग्रजी ‘फ्रॅक्शन’वरून कुणी ‘अपूर्णांक’ करतो, ते हास्यास्पदच. ‘हप्ता’ अर्थाने बरोबर बसतो, पण हप्ता म्हणजे आठवडासुद्धा. ‘२८ हप्ते’ वाचून माणूस साडेसहा महिन्यांचा हिशोब करील. लोक ‘सिटिंग’ म्हणतात, ते उत्तम आहे.

आणि एक अस्सल मराठी शब्द इथे हवाच : खाडा. उपचारात पडलेल्या खंडाला याहून नेमका शब्द नाही. स्क्वॅमस पेशी उपचाराच्या काळातही नव्याने वाढू लागतात, त्यामुळे एकूण दिवस लांबले की त्याच मात्रेचा परिणाम कमी होतो. जोतिबाची चैत्र यात्रा, उसाची तोड, भावकीतले लग्न, किंवा यंत्रच बंद, कारण कोणतेही असो, पेशींना ते समजत नाही. खाडा पडलाच, तर डॉक्टर तो शनिवारी भरून काढतात, किंवा एका दिवसात दोन सिटिंग देतात आणि त्यांत किमान सहा तासांचे अंतर ठेवतात. ‘शेवटी एक दिवस जादा येऊ’ हा हिशोब रुग्णाने आपला आपण करू नये. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असतील, तर त्या बहुधा सिटिंगच्या दिवशीच घ्यायच्या असतात. गोळी हीसुद्धा केमोच, हे पत्रकात ठळक छापा. केमो म्हणजे सलाईन असा समज पक्का आहे.

‘पूर्ण प्रतिसाद’ला, म्हणजे उपचारानंतर गाठ दिसेनाशी होण्याला, ‘कॅन्सर गेला’ लिहू नका. ‘क्रॉस’मध्ये ऑपरेशन झालेल्यांपैकी २९ टक्क्यांत जिवंत कॅन्सर उरला नव्हता, स्क्वॅमसमध्ये ४९ टक्क्यांत. पण हे ऑपरेशननंतर कळले. दुर्बिणीतून गाठ दिसत नाही आणि गाठ नाही, ही दोन वेगळी वाक्ये आहेत. गुदद्वारात उलट घाई नडते. ‘अ‍ॅक्ट २’ या पुढच्या ब्रिटिश अभ्यासात उपचार सुरू झाल्यापासून ११ आठवड्यांनी पूर्ण प्रतिसाद न दिसलेल्या २०९ जणांपैकी १५१ जणांत तो २६ आठवड्यांपर्यंत दिसला. तेव्हा तिथे ‘गाठ अजून विरते आहे’ असे लिहिणे जास्त खरे. वाढत असेल तर गोष्ट वेगळी.

जाता जाता, तुमच्या मसुद्यात नसेल तर बरे : ‘पचायला हलका आहार घ्यावा’. अन्ननलिकेच्या रुग्णाचा त्रास पचनाचा नसतो, गिळण्याचा असतो. घास अडकतो, आणि तिसऱ्या आठवड्यानंतर आतले अस्तर सोलल्याने गिळताना आग होते. ‘हलके’ वाचून घरचे पातळ वरणाच्या पाण्यावर ठेवतात आणि वजन उतरते. ‘गिळायला मऊ, पण दमदार’ असे लिहा : तुपाची मऊ खिचडी, दुधातली नाचणीची खीर, दह्यात कालवलेला भात, मऊ शिजवलेले अंडे. पांढरा रस्सा तिखट दिसत नाही म्हणून घरोघरी चालवतात. त्यात आले-मिरी असते, ती काढून नुसते मटणाचे सूप नारळाच्या दुधात दिले तर चालते, तेही कोमट.