अमेरिकेतली वाद्यांची मोठी साखळी दुकानं का बुडाली? लोकांनी वाजवणं सोडलं का?

तुम्ही विचारलंय की सॅम अ‍ॅशची सगळी दुकानं बंद झाली, गिटार सेंटरही एकदा दिवाळखोरीत जाऊन आलं, तर लोकांनी वाद्यं वाजवणं सोडलं की सगळं ऑनलाइनने खाल्लं?

माझ्या मते यातलं पहिलं तर अजिबात नाही, आणि दुसरं लोक समजतात तितकं नाही. न्यू जर्सीत वाद्यांच्या सामानाच्या एका वितरकाकडे मी १७ वर्षं उधारी-वसुलीचं काम केलं. आमचा माल छोटा: गिटारच्या तारा, पट्टे, केबल, स्टँड, ड्रमच्या काठ्या. पण तो शेकडो दुकानांत जायचा आणि बहुतेक सगळा उधारीवर जायचा. दुकानाची तब्येत गिऱ्हाइकाच्या आधी मालवाल्याला कळते. ३० दिवसांत येणारा चेक ४५ दिवसांनी येऊ लागतो, मग ६० दिवसांनी, आणि एक दिवस फोन उचलणारं माणूसच बदललेलं असतं. त्यामुळे मी जे सांगतेय ते मुख्यतः त्या बाजूने पाहिलेलं आहे.

वाजवणं थांबलं का, हे आधी निकालात काढू. २०२० मध्ये लोक घरात अडकले आणि गिटारींची विक्री अशी वाढली की गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीच्या प्रमुखांनी ते आपल्या इतिहासातलं सर्वाधिक विक्रीचं वर्ष ठरणार असं सांगितलं. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला गिटार सेंटरने चॅप्टर ११ खाली अर्ज केला. म्हणजे धंदा चालू ठेवून कोर्टाच्या देखरेखीखाली कर्जाची फेररचना करायची. माल बनवणाऱ्याचं सोन्याचं वर्ष आणि तोच माल विकणाऱ्या देशातल्या सर्वांत मोठ्या दुकानाची दिवाळखोरी, दोन्ही एकाच वर्षात. करोनात दुकानं बंद होती हे खरं, पण नुसती दुकानं बंद राहिल्याने एवढी मोठी कंपनी कोर्टात जात नाही. तिच्या डोक्यावर तेव्हा सुमारे १.३ अब्ज डॉलरचं कर्ज होतं.

ते आलं कुठून? गिटार सेंटरची सुरुवात १९५९ ची, हॉलिवूडमधली. तेव्हा ते घरगुती ऑर्गन विकायचे. साठच्या दशकात इलेक्ट्रिक गिटारची लाट आली आणि दुकानाने आपला मालही बदलला, नावही. १९९७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, पुढे म्युझिशियन्स फ्रेंड ही टपालाने आणि ऑनलाइन विकणारी कंपनी घेतली, मग शाळांना बँडची वाद्यं देणारी म्युझिक अँड आर्ट्स घेतली. तोपर्यंत सगळं समजण्यासारखं होतं. २००७ मध्ये बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने ती २.१ अब्ज डॉलरला विकत घेतली. अशा खरेदीत बरीचशी रक्कम कर्जाने उभी करतात, आणि कर्ज विकत घेणाऱ्याच्या नावावर नसतं, विकत घेतलेल्या दुकानाच्या नावावर चढतं. आपल्याकडे कोणी सांगितलं की अमक्याने तमक्याचं किराणा दुकान घेतलं आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते त्या दुकानाच्या गल्ल्यातूनच जाणार, तर पहिला प्रश्न हाच येईल की मग माल कशाने भरणार? लगेच २००८ ची मंदी आली. गिटार ही काही मीठ-पिठासारखी गरज नाही, नोकरीची धास्ती असली की माणूस ती पुढच्या वर्षावर ढकलतो. २०१४ मध्ये एरिस मॅनेजमेंट या कर्ज देणाऱ्या कंपनीने आपल्या कर्जाच्या बदल्यात मालकी घेतली. तरी ओझं पुरतं उतरलं नाही, आणि २०२० उजाडलं.

त्या दिवाळखोरीत पुरवठादारांचे पैसे पूर्ण फेडायचं आधीच ठरलेलं होतं, कर्ज सुमारे ८० कोटी डॉलरने कमी झालं आणि डिसेंबर संपायच्या आत कंपनी बाहेरही पडली. इतक्या लवकर ते होऊ शकलं यावरूनच दिसतं की दुकानं मुळात मेलेली नव्हती. सुमारे ३०० दुकानं चालत होती, गिऱ्हाईक येत होतं. व्याज सगळ्याच्या पुढे उभं होतं.

आता तो भाग, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. व्याज भरायचं तर पैसे कुठून तरी वाचवावे लागतात. भाडं करारात बांधलेलं, मालाची किंमत तो बनवणारी कंपनी ठरवते. हाताशी उरतात ती माणसं. आणि वाद्याच्या दुकानात माणूस हाच खरा माल आहे. भिंतीवर लटकलेली गिटार आपोआप सुरात राहत नाही. हिवाळ्यात हीटरमुळे हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं, मान किंचित वाकते, तारा पट्टीला घासून खरखरायला लागतात. कोणीतरी रोज फिरून ती लावावी लागते, महिन्या-दोन महिन्यांनी तारा बदलाव्या लागतात, बाराव्या पडद्याशी (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या काड्या म्हणजे पडदे) तारेची उंची बघावी लागते. हे काम करणारा माणूस कमी केला की तिमाहीचा आकडा सुधारतो आणि भिंत बेसूर होते. नवशिका येतो, बेसूर गिटार छेडतो, आपलंच काही चुकलं असं समजून परत टांगतो आणि निघून जातो. त्याने काय विकत घेतलं नाही हे कुठल्याच अहवालात येत नाही. २०१३ मध्ये गिटार सेंटरच्या मॅनहॅटनमधल्या कामगारांनी युनियनच्या बाजूने मतदान केलं. वाद्यांच्या दुकानात काम करणारी ही बहुतेक स्वतः वाजवणारी मुलं-मुली असतात, या कामावर त्यांचं प्रेम असतं. अशा लोकांना युनियन करावीशी वाटली, ही बातमी आम्ही ऑफिसात फार गंभीरपणे वाचली होती.

मी स्वतः पहिली गिटार १९८९ मध्ये मुंबईत धोबीतलावला घेतली. दुकानातल्या गोवेकर काकांनी तीन गिटारी काढल्या, तिन्ही समोर बसून सुरात लावल्या, माझा हात बघितला आणि सगळ्यात महागडी बाजूला ठेवून दिली. "बोटां ल्हान आसात तुझी," म्हणाले, "ही घे." ते वाक्य मी उधारी-वसुली करताना नेहमी आठवायचे, कारण वाद्याचं दुकान नेमकं हेच विकतं. फक्त त्याचं बिल करता येत नाही.

सॅम अ‍ॅशची गोष्ट मात्र वेगळी आहे, म्हणून मी सगळा दोष गुंतवणूक कंपन्यांवर टाकणार नाही. ती घरचीच कंपनी राहिली. १९२४ मध्ये ब्रुकलिनमध्ये व्हायोलिनवादक सॅम अ‍ॅश आणि त्यांची पत्नी रोझ यांनी पहिलं दुकान घेतलं, आणि त्यासाठी रोझबाईंनी आपली साखरपुड्याची अंगठी ४०० डॉलरला गहाण टाकली. पाटल्या गहाण टाकून गिरणी सुरू केल्याच्या गोष्टी आपल्या किती घरांत आहेत! बरोबर १०० वर्षांनी, मे २०२४ मध्ये, कंपनी न्यू जर्सीच्या कोर्टात गेली. उरलेली ४२ दुकानं जुलै अखेरपर्यंत बंद झाली. नाव आणि ऑनलाइन धंदा मेक्सिकोच्या गोन्हेर कंपनीने १ कोटी ५२ लाख डॉलरला घेतला.

मी १९९८ मध्ये अमेरिकेत आले, तेव्हा नवऱ्याने पहिल्याच महिन्यात मला मॅनहॅटनच्या ४८ व्या रस्त्यावर नेलं होतं. एका गल्लीत सगळी वाद्यांची दुकानं, सॅम अ‍ॅश, मॅनीज, रुडीज. मॅनीजच्या भिंतींवर गिऱ्हाईक म्हणून येऊन गेलेल्या वादकांचे सही केलेले फोटो. पुढच्याच वर्षी सॅम अ‍ॅशने मॅनीज विकत घेतलं, २००९ मध्ये ते बंद झालं, आणि आज त्या गल्लीत गेलात तर इथे काय होतं हे कोणाला सांगूनही पटणार नाही.

त्या गल्लीला कशाने मारलं? भाड्याने, हे तर आहेच. पण आणखी एक कारण आहे, त्याबद्दल मराठीत फारसं कोणी लिहीत नाही: कर. २०१८ पर्यंत अमेरिकेत असा नियम होता की ज्या राज्यात तुमचं दुकान-गोदाम काही नाही, तिथल्या गिऱ्हाइकाकडून विक्रीकर घ्यायची सक्ती नाही. न्यूयॉर्क शहरात हा कर ८.८७५ टक्के. म्हणजे २,००० डॉलरच्या गिटारवर सुमारे १७७ डॉलर. वाद्यांच्या किमती बहुतेक सगळीकडे सारख्याच दिसतात, कारण ठरावीक किमतीच्या खाली जाहिरात करायची नाही अशी बनवणाऱ्या कंपनीची अट असते. मग गिऱ्हाईक काय करायचं? दुकानात तासभर सहा गिटारी वाजवून बघायचा आणि घरी जाऊन दुसऱ्या राज्यातून तीच मागवायचा. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने मला हे डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. हीटर त्याचा, भाडं त्याचं, वाजवून वाजवून ओरखडे पडले ती गिटार त्याची, विक्री दुसऱ्याची. २०१८ मध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत संपवली. तोवर लोकांना घरी खोकं मागवायची सवय लागली होती.

आणि तरीही ऑनलाइनने खाल्लं असं मी म्हणत नाही, याचं कारण इंडियानातल्या फोर्ट वेनची स्वीटवॉटर. १९७९ मध्ये एका फोक्सवॅगन गाडीत फिरता रेकॉर्डिंग स्टुडिओ म्हणून सुरू झालेली ही कंपनी आज देशातल्या सर्वांत मोठ्या वाद्यविक्रेत्यांपैकी आहे. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाला नेमून दिलेला एक माणूस असतो. त्याला आठवडेच्या आठवडे शिकवून मगच फोनवर बसवतात. तुम्ही माइक घेतलात की दोन-चार दिवसांनी तो स्वतः फोन करून विचारतो, नीट लागला का, आवाज कसा येतोय. महागड्या गिटारी पाठवण्याआधी तपासतात, आणि वेबसाइटवर त्या मॉडेलचा नाही तर त्याच गिटारचा फोटो असतो, नंबर आणि वजनासकट. खोक्यात चॉकलेट-गोळ्यांची पुडी टाकतात. नीट बघा, हे सगळं धोबीतलावच्या काकांचं काम आहे, फक्त फोनवरून केलेलं. मोठ्या साखळ्यांनी ज्या माणसांवर काटछाट केली, त्याच माणसांवर स्वीटवॉटरने पैसा घातला.

आणखी एक अडचण या धंद्याच्या पोटातच आहे: गिटार मरत नाही. फ्रिज १५ वर्षांनी जातो, फोन ४ वर्षांनी. बरी सांभाळलेली गिटार ५० वर्षांनी नव्यापेक्षा गोड वाजते. म्हणजे दुकानाने आजवर विकलेली प्रत्येक गिटार कधीतरी त्याच दुकानाशी स्पर्धा करायला परत येते. पूर्वी ती माळ्यावर पडून राहायची. २०१३ मध्ये रिव्हर्ब ही जुन्या वाद्यांची ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली, २०१९ मध्ये एट्सी या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीने ती २७.५ कोटी डॉलरला घेतली, आणि माळे रिकामे होऊ लागले. फेंडरच्याच प्रमुखांनी सांगितलेलं आहे की नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी ९० टक्के लोक पहिल्या वर्षातच सोडून देतात. २०२० मध्ये घेतलेल्या गिटारींचं पुढे काय झालं असेल याचा हिशेब तुम्हीच करा. त्यातल्या बऱ्याच विक्रीला आल्या असणार, आणि त्याचा ताण नव्या मालावर पडला असणार.

उधारीचंही सांगते, कारण शेवटचा घाव तिथे बसतो. आमच्यासारखे वितरक उधारीचा विमा काढतात. एखाद्या साखळीची बातमी वाईट आली की विमा कंपनी कळवते, यांच्या नावावर यापुढे इतकीच मर्यादा. मग मला फोन करून सांगावं लागायचं की पुढची ऑर्डर आगाऊ पैशाशिवाय जाणार नाही. एका साखळीला, तिचं नाव घेत नाही, मी हे नाताळच्या तोंडावर सांगितलं. दोन महिन्यांनी तिथे गेले तर दहा नंबरच्या (तारेच्या जाडीचा नंबर) तारा टांगायचा हूक रिकामा होता. सगळ्यात जास्त खपणारी ती तार! तार घ्यायला आलेला माणूस ती नाही म्हणून निघून जातो, आणि तारेबरोबर जे घेतलं असतं तेही जातं. गिटारपेक्षा अशा किरकोळ मालावरच दुकानाला बरा नफा सुटतो. मी माझं काम केलं, माझ्या कंपनीचे पैसे वाचले. त्या दुकानातल्या मुलाने मला ओळखलं नाही आणि अगदी अदबीने सांगितलं, "पुढच्या आठवड्यात येतील." मला माहीत होतं, येणार नव्हत्या.

ब्रिटनमध्येही २०२५ मध्ये जीएके आणि पीएमटी ही वाद्यविक्रीतली दोन मोठी नावं काही महिन्यांच्या अंतराने गेली, तेव्हा हे फक्त अमेरिकेपुरतं नाही. गिटार सेंटर मात्र अजून उभं आहे, २०२३ मध्ये नवे प्रमुख आल्यापासून पुन्हा गंभीर वादकांकडे आणि चांगल्या वाद्यांकडे वळू बघतंय. ते टिकावं असं मला मनापासून वाटतं, कारण बऱ्याच ठिकाणी तेवढं एकच दुकान असतं जिथे १४ वर्षांचं पोर काहीही विकत न घेता चांगलं वाद्य हातात घेऊ शकतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचा पहिला भाग. सप्टेंबरमध्ये इथल्या कुठल्याही सरकारी शाळेत बँडच्या वाद्यांच्या संध्याकाळी जाऊन या. भाड्याने वाद्यं देणारं दुकान जिममध्ये टेबलं मांडतं, महिन्याचे थोडे डॉलर भरायचे, ते वाद्याच्या किमतीत धरले जातात. गेल्या वर्षी मी भाचीबरोबर गेले होते. रांग दारापर्यंत होती, अर्धी मुलं आपली देशीच. भाचीला ट्रॉम्बोनच हवा होता, म्हणजे सरकत्या नळीचं पितळी वाद्य; नळी सरकवून सात जागांवर थांबवायची असते. हात पूर्ण लांब केला तरी सातव्या जागेपर्यंत पोचत नव्हता. टेबलामागच्या बाईंनी तिचा हात मोजला, खांदा किंचित पुढे घ्यायला लावला आणि म्हणाल्या, सहाव्यापर्यंत येतोय, सातवी जागा पुढच्या वर्षी बघू, घेऊन जा.